घडी आणि गिरकी

भेंडी आडवी चिरली की विळीखाली चकत्यांचा ढीग पडतो. त्यातली एक चकती बाजूला ठेवून पाहा. पाच कोपरे, आत पाच कप्पे, कप्प्याकप्प्यात पांढरं बी आणि मधोमध पाचही पडदे मिळतात तो ठिपका. एका कोपऱ्यातून निघून, मधल्या ठिपक्यावरून, समोरच्या बाजूच्या मध्यातून बाहेर पडणारी एक रेघ मनाने ओढली, तर चकतीचे दोन अर्धे एकमेकांची आरशातली रूपं होतात. अशा रेघा पाच निघतात. आता रेघा विसरा आणि चकती बोटाने हलकेच फिरवा. पूर्ण फेऱ्याचा पाचवा भाग, म्हणजे ७२ अंश झाले की ती पुन्हा जशीच्या तशी दिसते. कुणी फिरवली, की मुळात हललीच नव्हती, हे नंतर पाहणाऱ्याला सांगता येणार नाही.

आता याच झाडाचं फूल आणा. पिवळं धम्मक, आत गडद तपकिरी-जांभळा डोळा, पाकळ्या पाच. चकतीला लावली तीच कसोटी याला लावायला गेलं की अडायला होतं. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आहे आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पाचही जणी एकाच दिशेने एकमेकींवर रेललेल्या. फूल ७२ अंशांनी फिरवलं तर तसंच दिसतं, पण आरशात धरलं तर पाकळ्या उलट्या दिशेने रेललेल्या दिसतात. चकतीला आरसा चालतो आणि गिरकीही चालते. फुलाला नुसती गिरकी चालते. एकाच झाडावरची ही दोन रूपं मला कळली त्या दिवसापासून हे पुस्तक लिहायचं माझ्या मनात होतं.

भेंडीपासून सुरुवात केली याला आणखीही एक कारण आहे. हे पुस्तक परभणी जिल्ह्यात बसून लिहिलेलं आहे, आणि भेंडीच्या इतिहासात परभणीचं नाव कायमचं कोरलेलं आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणूचा रोग, ज्याला शेतकरी हळद्या म्हणतात, त्याला दाद न देणारं ‘परभणी क्रांती’ हे वाण इथल्या कृषी विद्यापीठाने १९८५ साली दिलं. भेंडीच्या एका रानटी भावकीशी संकर करून ते तयार झालं आणि देशभर पोचलं. आपल्या गावाच्या नावाची भाजी घरात चिरली जात असताना भूमितीचं उदाहरण दुसरीकडून आणायचं मला काही कारण दिसलं नाही.

सममिती म्हणजे काय, हे शाळेत आपण घडीने शिकतो. कागदावर रंगाचा थेंब टाकायचा, कागद दुमडायचा, उघडला की फुलपाखरू. पद्धत चांगली आहे, मुलांना आवडते आणि हाताला लगेच पटते. ज्या रेघेवर घडी घातली असता आकाराचा एक भाग दुसऱ्यावर तंतोतंत बसतो, ती सममितीची रेघ, पुस्तकी भाषेत सममितीचा अक्ष. तक्रार घडीबद्दल नाही. घडीपाशीच धडा संपतो, ही तक्रार आहे.

एक साधी परीक्षा घ्या. वहीचा एक आयताकृती कागद मुलाच्या हातात द्या आणि विचारा, याला घडीच्या रेघा किती? बहुतेक मुलं चार सांगतात. उभी, आडवी आणि दोन कर्ण. मोठी माणसंही चारच सांगतात. मग म्हणावं, कर्णावर घडी घालून दाखव. घडी घातली जाते, पण टोकं एकमेकांवर बसत नाहीत. दोन्हीकडे एकेक त्रिकोणी कान बाहेर राहतो. मूल गोंधळतं, कारण कर्णाने आयताचे दोन अगदी सारखे तुकडे होतात हे त्याला ठाऊक असतं. तुकडे सारखे आहेत हे खरंच आहे. कर्णावर कातरी चालवा आणि एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून पाहा. तो बसतो, पण केव्हा? उलटा न करता, टेबलावरच अर्धा फेरा फिरवला तेव्हा. सारखेपणा एक आहे, आरसेपणा दुसरा. दोन तुकडे सारखे असले म्हणून ते एकमेकांची प्रतिबिंबं असतीलच असं नाही. आयताच्या त्या चुकलेल्या घडीतच गिरकीचा धडा दडलेला असतो आणि आपण मुलाला “चूक” म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

मी स्वतः शाळेत असताना समांतरभुज चौकोनाने मला एक गुण घालवायला लावला. प्रश्न होता, पुढीलपैकी कोणते आकार सममित आहेत. मी समांतरभुज चौकोनावर खूण केली आणि तिथे लाल फुली आली. घडीची रेघ दाखव, असं मला सांगण्यात आलं. ती मला दाखवता येईना, कारण समांतरभुज चौकोनाला ती नसतेच. पण तो आकार मला सममित का वाटला होता, हे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या वयात सांगायला शब्द नव्हते. आज सांगतो. त्याच्या मध्यावर टाचणी टोचा आणि तो अर्धा फेरा फिरवा. वरची बाजू खाली, डावीकडचा कोन उजवीकडे, आणि आकार जागच्या जागी. माझ्या डोळ्याला दिसली होती ती ही गिरकी. शाळेच्या शब्दांत तिला जागा नव्हती. त्या लाल फुलीबद्दलचा राग कधीच मावळला, पण असे कितीतरी विद्यार्थी असतील ज्यांना खरी गोष्ट दिसली आणि खोटी ठरली, हे मनातून जात नाही.

म्हणून या पुस्तकात सममितीची व्याख्या मी आकारावरून नाही, हालचालीवरून केली आहे. एक खेळ आहे. पुठ्ठ्याचा चौरस टेबलावर ठेवा आणि त्याची कड पेन्सिलीने गिरवून घ्या. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा सारखाच हवा, त्यावर कुठलीही खूण नको. एकाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने पुठ्ठा उचलून, हवा तसा फिरवून किंवा उलटून, पुन्हा त्याच चौकटीत बसवायचा, किंवा हातही लावायचा नाही. डोळे उघडणाऱ्याने सांगायचं, काही केलं की नाही? सांगता येणार नाही. अशा किती वेगवेगळ्या हालचाली आहेत ज्या केल्या तरी पकडल्या जात नाहीत? चौरसाच्या बाबतीत आठ. पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण फेरा या चार गिरक्या, आणि चार रेघांवरच्या चार उलथ्या. पूर्ण फेरा म्हणजे काहीच न करण्यासारखं, पण तीही हालचाल मोजायची. ती का मोजायची हे पुढे मुलांना आपोआप कळतं, जसं शून्य का लिहायचं ते कळतं.

हा खेळ एकदा हाती आला की ओळखीचे आकार नव्याने रांगेत उभे राहतात. समभुज त्रिकोणाला सहा हालचाली, तीन गिरक्या आणि तीन उलथ्या. आयताला चार. समभुज चौकोनालाही चारच, पण त्याच्या घडीच्या रेघा कर्णांवर असतात आणि आयताच्या बाजूंच्या मध्यांतून जातात. समद्विभुज त्रिकोणाला आणि पतंगाला दोन, म्हणजे एक उलथी आणि एक काहीच न करणं. समांतरभुज चौकोनालाही दोनच, पण तिथे उलथीऐवजी अर्धा फेरा. म्हणजे पतंग आणि समांतरभुज चौकोन हे दोघं सममितीच्या मापाने सारखेच श्रीमंत आहेत, फक्त एकाची पुंजी आरशात आहे आणि दुसऱ्याची गिरकीत. विषमभुज त्रिकोणाला एक, ती म्हणजे काहीच न करणं. आणि वर्तुळ? भाकरी तव्यावर कितीही अंशांनी फिरवा. तिथे मोजणं थांबतं.

घडी आणि गिरकी यांचं आपसातलं नातं हा या विषयाचा सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि इथे मी वाचकाला थोडा वेळ थांबवणार आहे. दोन आरसे घ्या. न्हाव्याच्या दुकानातले असोत की घरातले, पुस्तकासारखे उघडून उभे करा आणि मधे बांगडीचा तुकडा ठेवा. आरशांमधला कोन ६० अंश केला की सहा तुकडे दिसतात, तीन सुलटे आणि तीन उलटे, मध्याभोवती बसलेले. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१७ साली ज्याचं पेटंट घेतलं तो शोभादर्शक, जत्रेत आपण डोळ्याला लावून फिरवतो ती नळी, याच युक्तीवर चालते. यात नवल काय आहे ते पाहा. आरसा गिरकी घेत नाही, तो फक्त उलटं करतो. पण उलटल्याला पुन्हा दुसऱ्या आरशाने उलटलं की ते सुलटं होतं आणि फिरलेलं असतं. किती फिरलेलं? आरशांमधल्या कोनाच्या दुप्पट. आरसे ६० अंशांत, तर गिरकी १२० अंशांची.

हे एकदा कळलं की वरचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. चौरसाच्या शेजारशेजारच्या घडीच्या रेघा ४५ अंशांत छेदतात, म्हणून त्याला ९० अंशांची गिरकी असते. आयताच्या रेघा ९० अंशांत, म्हणून अर्धा फेरा. समभुज त्रिकोणाच्या ६० अंशांत, म्हणून १२०. ज्या आकाराला घडीच्या एकापेक्षा जास्त रेघा आहेत, त्याला गिरकी चुकत नाही. ती मागायची गरज नसते, दोन रेघांच्या पोटी ती जन्मालाच येते. उलट मात्र खरं नाही. गिरकी आहे म्हणून घडीची रेघ असेलच असं नाही. समांतरभुज चौकोन तसा, भेंडीचं फूल तसं, उंबऱ्यावर काढलेलं स्वस्तिक तसं. स्वस्तिक पाव फेरा फिरवा, तेच राहतं, पण आरशात पाहिलं तर त्याचे हात उलट्या दिशेला वळलेले दिसतात.

हर्मान वायल या गणितज्ञाचं ‘सिमेट्री’ हे छोटंसं पुस्तक १९५२ साली निघालं. मध्याभोवती रचलेल्या आकारांच्या सममिती दोनच जातींच्या असतात, नुसत्या गिरक्यांच्या किंवा जितक्या गिरक्या तितक्याच घडीच्या रेघांच्या, हा शोध त्यांनी तिथे लिओनार्दो दा विंचीच्या पदरात घातला. मध्याभोवती बांधलेल्या देवळाला भोवतीने छोटी देवघरं आणि कोनाडे जोडायचे असतील, आणि मूळ सममिती मोडायची नसेल, तर ते कुठे जोडावेत, याचा लिओनार्दो शोध घेत होता. वायल यांचं म्हणणं वाचताना मला राहून राहून औंढा आठवत होतं.

औंढा नागनाथ आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ पर्यंत तो परभणी जिल्हाच होता, आणि आमच्या पिढीच्या तोंडात अजूनही औंढा परभणीचंच आहे. यादवकाळातल्या त्या देवळाचा खालचा मूळ भाग बाहेरून पाहत प्रदक्षिणा घातली की भिंत सरळ राहत नाही. ती कोन काढत, आत जात, पुन्हा बाहेर येत चालते. वरून पाहिलं तर ती चांदणी आहे. असा तारकाकृती आराखडा काढायची त्या काळच्या स्थपतींची युक्ती ऐकायला सोपी आणि करायला अवघड आहे. मध्यबिंदूला दोरी बांधायची, एक चौरस आखायचा आणि तोच चौरस मध्याभोवती थोडा थोडा फिरवत पुन्हा पुन्हा आखायचा. बाहेर डोकावणारे कोपरे म्हणजे चांदणीची टोकं. दोन चौरस ४५ अंशांच्या अंतराने ठेवले तर आठ टोकं, तीन चौरस ३० अंशांच्या अंतराने ठेवले तर बारा. गिरकी हे इथे सजावटीचं नाही, आखणीचंच हत्यार आहे. पाटी-पेन्सिल घेऊन मुलांनी हे करून पाहावं म्हणून पुस्तकात चार पानं त्यासाठीच ठेवली आहेत.

पण देवळाला दार लागतं. गर्भगृहापुढे मंडप लागतो. मंडप एकाच बाजूला जोडला की चांदणीच्या सगळ्या गिरक्या संपतात. उरते ती दारातून मूर्तीपर्यंत जाणारी एकच रेघ, जिच्या डावी-उजवीकडे सगळं सारखं आहे. दर्शनाला उभा राहिलेला माणूस नेमका त्याच रेघेवर उभा असतो, आणि त्याच्या शरीरालाही तीच एक रेघ असते. आकाराच्या सममितीतून काय कमी झालं आणि का कमी झालं, हे असं जागेवर उभं राहून वाचता येतं.

हीच गोष्ट बारवांत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींत, आणखी नेटकी दिसते. परभणी जिल्हा बारवांचा आहे. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, देवळांचं आणि कोरीव खांबांचं गाव, तिथली बारव, परभणीजवळची पिंगळीची, आर्वीची, आणि सेलू तालुक्यातल्या वालूरची. टपाल खात्याने २०२२ साली महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रपोस्टकार्डं काढली तेव्हा या चारही गावांना त्यांत जागा मिळाली. बारवांच्या पायऱ्या साफ करून महाशिवरात्रीला तिथे दिवे लावण्याची रीत अलीकडे महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे गावोगाव पसरली आहे. अंधारात चौरस बारवेच्या पायऱ्यांवर पणत्यांच्या रांगा लागल्या की भूमितीच्या पुस्तकातली आकृती पेटून उठल्यासारखी दिसते. एक रांग पाण्याच्या वर आणि तिचीच उलटी रांग पाण्याखाली. आडवा आरसा म्हणजे काय हे मला पुन्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

‘अपराजितपृच्छा’ या जुन्या वास्तुग्रंथात बारवांचे चार प्रकार सांगितले आहेत. उतरायला एकच मुख असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन तर जया, चार तर विजया. शेकडो वर्षांपूर्वीची ही वर्गवारी सममितीच्या तासाला जशीच्या तशी वापरता येते. चौरस बारव धरा आणि चारही बाजूंना मुखं ठेवा, म्हणजे विजया. तिला चौरसाच्या आठही हालचाली मिळतात. एक मुख, म्हणजे नंदा. तिला फक्त एक घडीची रेघ, गिरकी नाही. समोरासमोर दोन मुखं ठेवली तर दोन रेघा आणि त्यांच्या पोटी अर्धा फेरा. हीच दोन मुखं शेजारशेजारच्या बाजूंना ठेवली तर? तर एकच रेघ उरते, आणि ती चक्क कर्णावर असते. मघाशी आयताच्या कर्णाने फसवलं होतं, चौरसाचा कर्ण इथे उपयोगाला येतो. आणि तीन मुखांची जया? मुलं हटकून सांगतात, तीन गिरक्या. मग चौरस काढून, तीन बाजूंना खुणा करून फिरवायला लावावं. गिरकी एकही बसत नाही. बंद राहिलेल्या चौथ्या भिंतीकडे जाणारी एक रेघ, एवढंच. तीन मुखांची बारव आणि एका मुखाची बारव सममितीत सारख्याच. तीन हा आकडा दिसला की तीन गिरक्या होत नाहीत. चौरसाच्या अंगात जेवढं आहे तेवढंच त्यातून निघतं.

वालूरची बारव मात्र या रांगेत बसत नाही, आणि म्हणूनच ती मला सगळ्यांत जवळची आहे. ती चक्राकार आहे. तिच्या पायऱ्या सरळ खाली न जाता मध्याभोवती वळत वळत पाण्याकडे उतरतात. काठावर उभं राहून खाली पाहिलं की नजर ठरत नाही, तीही पायऱ्यांबरोबर फिरायला लागते. कचरा आणि गाळाने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी कष्ट करून मोकळी केली, म्हणून आज आपल्याला ती दिसते. पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने मी घडीची रेघ शोधायला लागलो. वहीत वरून दिसणारी आकृती काढली आणि मधून रेघ ओढली. एका बाजूच्या पायऱ्या रेघेकडे येत होत्या, दुसऱ्या बाजूच्या रेघेपासून दूर पळत होत्या. रेघ दुसरीकडून ओढली, तरी तेच. एकाच दिशेने वळत उतरणाऱ्या पायऱ्यांना आरशाची रेघ मिळत नाही. आरशातली वालूरची बारव उलट्या दिशेने वळते, ती दुसरीच बारव असते. दगडाच्या काठावर बसून मला माझा समांतरभुज चौकोन आठवला, आणि ज्याला घडी नाही त्यालाही घाट असतो, हे तिथे प्रथम मोठ्याने म्हणावंसं वाटलं.

वळणाला डावं-उजवं असतं, ही गोष्ट आपल्या भागात खरं तर नवी नाही. दोराला पीळ घालणाऱ्याला ती माहीत असते. एका दिशेने पीळ दिलेला दोर कितीही उलटापालटा करा, पीळ त्याच दिशेचा राहतो. आरशात मात्र तो बदलतो. कापसाच्या रानात हीच गोष्ट फुलात दिसते. कापूस आणि भेंडी एकाच कुळातले, जास्वंदही त्यातलीच. तिघांच्याही पाकळ्या एकमेकींवर एकाच दिशेने रेललेल्या असतात. मात्र एकाच झाडावर एक फूल डाव्या वळणाचं आणि दुसरं उजव्या वळणाचं सापडतं. सकाळी फुलं उमललेली असताना शेताच्या बांधावरून दहा फुलं पाहा आणि डावी किती, उजवी किती, याच्या खुणा मांडत जा. तोडायची गरज नाही. शाळेच्या प्रयोगवहीसाठी याहून स्वस्त आणि याहून चांगला प्रयोग मला ठाऊक नाही.

रांगोळीबद्दल पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. ठिपक्यांच्या रांगोळीच्या दोन रीती असतात. उभ्या-आडव्या सरळ ओळींत मांडलेले ठिपके, आणि ‘सात ते चार’सारखे, म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके आणि वर-खाली दोन ठिपक्यांच्या मधल्या जागा धरत एकेक कमी होत चारपर्यंत आलेले. पहिल्या रीतीत चौरस तयार होतो आणि रांगोळी पाव फेऱ्याची गिरकी घेऊ शकते. दुसऱ्या रीतीत ३७ ठिपक्यांचा षट्कोन तयार होतो आणि गिरकी ६० अंशांची मिळते. पाच पाकळ्यांची रांगोळी हवी असेल तर? ती ठिपक्यांवर काटेकोर बसत नाही, मुक्तहस्तच काढावी लागते. एकसारख्या अंतरावर सगळीकडे पसरलेल्या ठिपक्यांत पाचाची गिरकी बसूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. स्फटिकांच्या शास्त्राचा तो पाया आहे, आणि अंगणात रांगोळी काढणाऱ्या बायकांच्या हाताला ते पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. पंचकोनी फरशा एकमेकींना खेटून का बसत नाहीत, तेही याच प्रकरणात येतं. नियमित पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा, तीन फरशा मिळून ३२४, आणि ३६ अंशांची फट उरते.

अक्षरांचं प्रकरण लहान आहे. सममिती शिकवताना फळ्यावर इंग्रजी अक्षरं लिहायची रीत पडली आहे. देवनागरीत शिरोरेघेमुळे अर्धा फेरा जवळजवळ कुठल्याच अक्षराला चालत नाही, पण ‘ठ’ आरशात पाहिला तर ओळखू येतो आणि ‘०’ तर सगळंच सोसतो. आणि ‘टेप आणा आपटे’ किंवा ‘ती होडी जाडी होती’ ही आपल्या लहानपणची वाक्यं? ती अक्षरांच्या क्रमाने उलटीसुलटी सारखी आहेत, आकाराने नाहीत. मुलांना हा फरक सांगितला की ती आनंदाने भांडतात.

शिक्षकांसाठी दोन शब्द. पारिभाषिक शब्दांचा धाक घालू नका. आरशातल्या सममितीला परावर्तन सममिती आणि गिरकीच्या सममितीला घूर्णन सममिती म्हणतात, हे पुस्तकात जागच्या जागी आलेलं आहे. पण आधी घडी आणि गिरकी, मग ते शब्द. टाचणी, ट्रेसिंग पेपर, कातरी, दोन आरसे आणि पुठ्ठा एवढ्यावर सगळं पुस्तक भागतं. कुठलाही आकार दिला की दोन प्रश्न विचारा आणि दोन्ही विचारा. हा घडीवर बसतो का? हा गिरकीत बसतो का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून दुसरा गाळू नका.

पहिल्या प्रकरणाकडे जाण्याआधी एक भिंगरी करून घ्या. चौरस कागद घ्या, दोन्ही कर्णांवर घड्या घाला आणि उघडा. या क्षणी तुमच्या हातात आठ हालचालींचा आकार आहे. कोपऱ्यांपासून मध्याकडे, घडीच्या रेघेवरच, निम्म्याहून थोडं जास्त कापत जा. आता प्रत्येक कोपऱ्याचे दोन कान झाले, मिळून आठ. त्यांतला एक सोडून एक कान मध्याकडे वळवा आणि टाचणीने काडीला टोचा. वळवताना काय झालं ते पाहा. चारही घडीच्या रेघा मोडल्या, चारही गिरक्या मात्र शिल्लक राहिल्या. वारा या उरलेल्या गिरक्यांनाच धरतो. डावं-उजवं तंतोतंत सारखं असतं तर वाऱ्याला भिंगरी कोणत्या बाजूला ढकलायची हे ठरवताच आलं नसतं, ती जागेवर थरथरत राहिली असती. घरातल्या पंख्याची पातीही अशीच एका बाजूला तिरकी असतात. दुसऱ्या कागदाची भिंगरी करताना उरलेले चार कान वळवा. दोन्ही भिंगऱ्या शेजारशेजारी धरून अंगणातून पळत जा, आणि कोणती कुठे फिरते ते वहीत टिपून मग पान उलटा.